शहर सोडले म्हणून कोण हरले?



आपल्या रोजच्या बोलण्यातली एक साधी गोष्ट ध्यानात घ्या. गावातला पोरगा पुण्याला गेला, तर आपण म्हणतो, ‘कामाला गेला’. हैदराबादला गेला, तर ‘कमवायला गेला’. तेलंगणात मिरचीच्या वावरात गेलेल्या बायांबद्दल म्हणतो, ‘तोडायला गेल्या’. ‘राहायला गेला’ असे कोणी म्हणत नाही. वीस वर्षे चाकणच्या कारखान्यात काढलेला माणूसही पोळ्याला नाहीतर दिवाळीला रजा मागताना ‘घरी जायचे आहे’ असेच म्हणतो. साहेबही त्याला विचारत नाही, की अरे, मग रोज रात्री जातोस ते काय? दोघांनाही ठाऊक असते. रोज रात्री जातो ती खोली. घर कोरपन्याला आहे, गोंडपिपरीला आहे, चामोर्शीला आहे.

आता असा माणूस एक दिवस बोचके बांधून परत आला, की गावात कुजबुज सुरू होते. ‘टिकला नाही.’ ‘जमले नाही त्याला.’ सासुरवाडीला तोंड दाखवायची चोरी. पोरीच्या बापाला विचारा, शहरात दहा हजारांवर राबणारा जावई चालतो, दहा एकरांचा धनी चालत नाही. आणि तोच दहा हजारांचा जावई गावी परत आला, तर जणू काही चोरी करून आला, अशी नजर.

या नजरेविरुद्ध हा लेख आहे. शहर सोडून आलेला माणूस हरलेला नाही. जे त्याचे कधी नव्हतेच, ते त्याने सोडले. ते त्याचे का झाले नाही, आणि तो परतला त्या गावात त्याच्यासाठी काय शिल्लक आहे, याचा हिशेब जिल्ह्याच्या बैठकीत मांडायची वेळ आली आहे.

शहराने घेतले काय, दिले काय

१ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. त्याच दिवशी इंग्लंडच्या राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केले, म्हणून गिरणीला तिचे नाव. जमशेटजी टाटांनी मुंबई सोडून नागपूर निवडले, ते नागपूरच्या उन्हाच्या प्रेमाने नव्हे. कापूस जवळ, कोळसा जवळ, बाजार जवळ. कापूस तुमच्या-आमच्या पणज्यांच्या वावरातला. हात कोष्ट्यांचे, महारांचे, गावात पोट भरेना म्हणून नागपूरच्या रस्त्याला लागलेल्यांचे. सव्वाशे वर्षे ती गिरणी चालली. १९८६ मध्ये ती टाटांच्या हातून गेली, सरकारी महामंडळाने चालवली, २००२ मध्ये कायमची बंद झाली. आज त्या जागेवर मॉल आहे. ज्यांच्या तीन पिढ्या तिथे साच्यावर उभ्या राहिल्या, त्यांचा नातू त्या मॉलच्या दारात शिट्टी घेऊन उभा असेल, तर त्याने नशीब काढले म्हणायचे.

मुंबईची गोष्ट याहून मोठी. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार. बहुतेक कोकणातले, घाटावरचे. दहा बाय दहाच्या खोलीत आठ-दहा जण पाळीपाळीने झोपायचे. मनीऑर्डर गावाला, बायको-पोरे गावाला, गणपती आणि शिमगा गावाला. शंभर वर्षे मुंबईत राबूनही त्या माणसाने ‘आपले’ म्हणून जे राखून ठेवले ते गावच. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, नुसता विरून गेला. हजारो माणसे गावाकडे वळली. गिरण्यांच्या जमिनीसाठी १९९१ साली नियम झाला: एक तृतीयांश महापालिकेच्या मोकळ्या जागेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला, एक तृतीयांश मालकाला. २००१ मध्ये तो नियम असा बदलला की वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीची व्हावी, जिच्यावर गिरणीचे बांधकाम उभे होते तिची नाही. प्रकरण कोर्टात गेले आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. गिरणीची जमीन सोन्याची झाली आणि गिरणीतला माणूस मातीमोल झाला. त्या गिरण्यांत पिंजला गेला तो कापूस कोणाचा, आणि तो कोणत्या भावाने नेला, हे तुम्हाला सांगायला नको.

आता आपल्या दारातले पाहा. चंद्रपूरचे वीज केंद्र १९८० च्या दशकात सुरू झाले. आज त्याची क्षमता २९२० मेगावॉट आहे. कोळसा आपल्या जमिनीखालचा, पाणी इरईचे, राख आपल्या पऱ्हाटीवर. १९९९ साली चंद्रपूरहून मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची खास वाहिनी टाकली. वीज थेट शहरात, वाटेत कुठे थांबायचे काम नाही. आणि ज्याच्या धुऱ्यावरून या केंद्राची चिमणी दिसते, तो शेतकरी वाघ-बिबट्याच्या मुलखात रात्रीच्या अंधारात मोटर चालू करायला जातो. कारण शेतीच्या पंपाला वीज द्यायची तर रात्री. दिवसा वीज द्या, एवढे साधे मागणे मागता मागता या जिल्ह्याचे घसे सुकले.

विजेला शहरात जायला सरळ रस्ता आहे. कापसाला आहे, बांबूला आहे, कोळशाला आहे. माणूस गेला की मात्र त्याला विचारतात: कुठला? कोणाचा? कागद दाखव.

चार तासांची मुदत

२४ मार्च २०२० ची रात्र आठवा. आठ वाजता घोषणा झाली, बारा वाजता देश बंद. मधे चार तास. रेल्वे आधीच थांबली होती. शहरातल्या ज्याला घर होते, तो घरात बसला. ज्याला खोली होती, त्याला तिसऱ्या दिवशी कळले की खोली म्हणजे घर नव्हे. ठेकेदाराचा फोन बंद. मालकाचे भाडे चालू. रेशनकार्ड गावाला, मतदारयादीत नाव गावाला, सातबारा असला तर गावाला. त्या शहरात त्याच्या नावाचा एकही सरकारी कागद नव्हता. मग तो काय करणार? चालू लागला.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांतले हजारो जण तेव्हा तेलंगणात मिरची तोडायला गेले होते. दरसाल जातात. धान कापून झाला, कापूस वेचून संपला, की मुकादमाची गाडी येते. मजुरीचा काही भाग रोखीने, काही मिरचीनेच. ही माणसे जंगलातून, नदीच्या पात्रातून, वर्धा-प्राणहिता ओलांडून पायी परतली. डोक्यावर बोचके, कडेवर लेकरू, पायात चपला असल्या तर असल्या. गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगढच्या बिजापूर जिल्ह्यातली एक बारा वर्षांची मुलगी अशीच मिरचीच्या वावरातून निघाली. तीन दिवस चालली आणि गाव जवळ आले असताना वाटेतच मेली. ८ मे २०२० रोजी करमाडजवळ रेल्वेरुळावर झोपलेल्या सोळा मजुरांवरून मालगाडी गेली. ते जालन्याहून भुसावळकडे चालले होते, तिथून पुढे मध्य प्रदेशातल्या आपल्या गावी जाण्यासाठी. झोपले कुठे, तर रुळांवर. कारण गाड्या बंद आहेत असे त्यांना वाटले होते.

सप्टेंबर २०२० मध्ये लोकसभेत प्रश्न आला: वाटेत किती मजूर मेले? सरकारचे उत्तर, अशी आकडेवारी ठेवलेली नाही. परतले किती, तो आकडा मात्र होता: एक कोटीहून अधिक. कापसाच्या गाठी किती आल्या, किती गेल्या, हे या देशाला दर महिन्याला कळते. माणसे किती मेली ते कळत नाही. गाठीला मालक असतो, म्हणून तिची नोंद असते.

कायदा नव्हता असे नाही. परराज्यात नेलेल्या मजुरांसाठी १९७९ सालचा कायदा होता. ठेकेदाराची नोंदणी करायची, जाण्यायेण्याचा खर्च द्यायचा, विस्थापन भत्ता द्यायचा, असे त्यात सगळे लिहिलेले होते. आपल्या गावातून मिरचीला गेलेल्या एकाही बाईला विस्थापन भत्ता मिळाला असेल, तर तिने बैठकीत उभे राहून सांगावे. आम्ही तिच्या पाया पडू.

शहाण्यांचे दोन उपदेश

या मुलखाला दोन तऱ्हेचे शहाणे उपदेश करत असतात.

पहिला म्हणतो, शेतीवर माणसे फार झाली. देशाच्या उत्पन्नात शेतीचा वाटा सहाव्या हिश्श्याच्या आसपास आणि पोसते निम्मी माणसे. तेव्हा शेती सोडा, शहरात जा, कारखाने तुमची वाट पाहत आहेत. आता सरकारच्याच पाहणीचे आकडे घ्या. २०१८-१९ मध्ये देशातल्या कामकऱ्यांपैकी ४२.५ टक्के शेतीत होते. २०२०-२१ मध्ये ते ४६.५ टक्के झाले. बरे, ते संकटाचे वर्ष होते म्हणून सोडून देऊ. पण २०२३-२४ मध्येही आकडा ४६.१ टक्केच. साथ गेली, गाड्या सुरू झाल्या, कारखान्यांच्या चिमण्या पेटल्या, तरी शेतीवरचा भार उतरला नाही. शहराला हे लोक हवेच असते, तर त्याने बोलावून नसते का घेतले? वाट पाहणारे कारखाने गेले कुठे?

दुसरा शहाणा अधिक गोड बोलतो. तो म्हणतो, गावाकडे चला. शुद्ध हवा, गोधन, मातीचा वास, साधे जीवन. हा उपदेश करणारा स्वतः मात्र नागपूरच्या धंतोलीत नाहीतर पुण्याच्या कोथरूडात राहतो. त्याला गाव लागते ते हुरड्यापुरते. हुरडा खाऊन झाला की संध्याकाळच्या आत त्याची गाडी डांबरी रस्त्याला लागते. ती ज्वारी रात्री राखायला त्याला बोलवा. रानडुकरांचा कळप एका रात्रीत अर्धा एकर लोळवून जातो, रोही उभे पीक तुडवतो, दिवसा पाखरे दाणा शिल्लक ठेवत नाहीत. म्हणून आपल्या भागातली ज्वारी हटत गेली, ज्वारी हटली तसा कडबा हटला, कडबा हटला तशी बैलजोडी हटली. माळ्यावर शेकोटी पेटवून जागल करणाऱ्याला मातीच्या वासाचे व्याख्यान देऊ नये.

पहिला म्हणतो जा, दुसरा म्हणतो या. जाणाऱ्याला तिथे काय हक्क असेल, हे पहिला सांगत नाही. येणाऱ्याला इथे काय भाव मिळेल, हे दुसरा सांगत नाही. दोघेही आपल्याला बैल समजतात. एक म्हणतो इकडच्या जुवाला जुंपा, दुसरा म्हणतो तिकडच्या.

गाव म्हणजे स्वर्ग, असे आम्ही म्हणत नाही

इथे कोणी रागावून विचारील, आणि त्याचा तो हक्क आहे, की शहराने काहीच दिले नाही का? ४ नोव्हेंबर १९४८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर घटना समितीत बोलले. खेडे म्हणजे भारताचा आत्मा म्हणणाऱ्यांना त्यांनी स्पष्ट सुनावले, की हे खेडे म्हणजे संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे डबके आहे. नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, ते आपल्या चांद्याला आले आणि इथेही लोकांना धम्मदीक्षा दिली. त्या मैदानात जे आले होते, त्यांच्यातल्या अनेकांना गावाच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हते. त्यांच्या मुलांसाठी शहर म्हणजे निदान जात न विचारता पाणी देणारा नळ होता. हे खोटे कोण म्हणेल?

तेव्हा गावाची आरती आम्ही ओवाळत नाही. ज्या गावात पाणवठा वेगळा होता, ते अर्ध्या लोकांचे घर नव्हतेच. ज्या सातबाऱ्यावर बाईचे नाव नाही, ते शेत तिचे नाही. तिने त्यात पन्नास हंगाम निंदण केले, वेचणी केली, तरी नाही. नवरा मेला की तिला कळते, ती शेतात नव्हे, कामाला होती. शहरातल्या खोलीत राहणाऱ्या पोराची जी गत, तीच आपल्या घरातल्या बाईची गत. हे मान्य केल्याशिवाय शहराला नावे ठेवायचा अधिकार आपल्याला नाही.

मग घर कशाला म्हणायचे? आमची व्याख्या साधी आहे. जिथून तुम्हाला चार तासांच्या मुदतीवर कोणी हुसकून लावू शकत नाही, आणि जिथे तुमच्याविषयी निर्णय होताना तुमचा शब्द विचारावा लागतो, ते घर. शहर या कसाला उतरत नाही, म्हणून माणूस तिथे घरी नसतो. गाव या कसाला उतरले पाहिजे, आणि ते उतरवणे आपल्या हातात आहे.

जिथे पाय थांबले

हे बोलणे हवेतले नाही. धानोरा तालुक्यातले लेखा-मेंढा पाहा. गोंडांचे छोटे गाव. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा. देवाजी तोफांसारख्या माणसांनी पिढीभर ग्रामसभा चालवली, एकमताने निर्णय घेतले. २००९ साली वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर या गावाला सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांपैकी ते एक. पण बांबू विकायला निघाले, तर वनखाते म्हणाले, वाहतूक परवाना देत नाही. कायद्यात बांबू गौण वनोपज म्हणून लिहिलेला, पण खात्याच्या लेखी तो झाड. शेवटी एप्रिल २०११ मध्ये केंद्राच्या मंत्र्यांना गावात यावे लागले आणि परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती द्यावे लागले. वर्षानुवर्षे याच जंगलपट्ट्यातला बांबू सवलतीच्या दराने कागदगिरणीला जात होता. तोच बांबू गावाने विकला, तेव्हा त्याला बाजाराचा भाव आला आणि पैसे ग्रामसभेच्या खात्यात पडले.

चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातले पाचगाव. २०१२ मध्ये हजारभर हेक्टर जंगलाचा हक्क मिळाला. तिथल्या लोकांनी बांबू कापायचे नियम स्वतः केले, मजुरी स्वतः ठरवली, लिलाव स्वतः केला. जी पोरे कामासाठी बाहेर जात, त्यांना गावातच काम झाले. कोणी त्यांना गावाकडे चला म्हणून उपदेश केला नव्हता. राहणे परवडू लागले, म्हणून ते राहिले. सगळी मेख या ‘परवडण्यात’ आहे.

जंगलाला जे लागू, तेच वावराला लागू. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८११० रुपये. समजा, कोरडवाहूत एकरी पाच क्विंटल झाला आणि सगळा हमीभावाने गेला, तर हाती ४०,५५० रुपये. यातून बियाणे, खत, फवारणी, डवरणी, निंदण, वेचणी, बंडीभाडे वजा करा. घरच्या माणसांची मजुरी धरा, जमिनीचा खंड धरा, आणि उरते ते बैठकीत सांगा. तोही पाऊस वेळेवर पडला, बोंडअळी आली नाही आणि डुकरांनी दया दाखवली तर. खरेदी केंद्रावर ओलावा आठ टक्क्यांवर गेला की कपात, बारावर गेला की परत. परतलेली बंडी मग व्यापाऱ्याच्या दारात जाते, आणि तो हमीभाव देतोच असे नाही.

बरे, भाव चढायला लागला की सरकार झोपेतून जागे होते. ५ मार्च २०१२ रोजी कापसाची निर्यात बंद केली. २०२१ मध्ये आयातीवर ११ टक्के कर बसवला, भाव दहा हजारांच्या पुढे गेले तेव्हा एप्रिल २०२२ मध्ये तो काढला. १९ ऑगस्ट २०२५ पासून पुन्हा माफ केला, तो ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे नेमका आपला कापूस घरात यायचा काळ. शहरातल्या गिरणीला स्वस्त कापूस हवा म्हणून हे केले. त्या स्वस्त कापसाने ज्याचे घर बसले, तो पोरगा मग त्याच शहरात स्वस्त मजूर म्हणून जातो. एकाच माणसाला दोनदा नागवायची ही रीत आहे: आधी शेतात, मग शहरात.

आता शहरच दारात येते आहे

एक नवी गोष्ट घडते आहे, तिच्याकडे डोळे उघडे ठेवून पाहा. आजवर आपण शहराकडे जात होतो. आता शहर आपल्याकडे येते आहे. एटापल्लीत सुरजागडच्या डोंगरावर लोखंडाची खाण चालू आहे, चामोर्शी तालुक्यात कोनसरीला कारखाना उभा राहिला आहे, गडचिरोली ही पोलादाची नगरी होणार असे मुंबईतून रोज सांगतात. कोणी म्हणेल, चांगलेच झाले, पोरांना बाहेर जायला नको.

कारखान्याला आमचा विरोध नाही. पण चंद्रपूरचा धडा विसरू नका. चंद्रपूरला खाणी आल्या, वीज केंद्र आले, सिमेंट आले. खाणीला जमीन घ्यायची तर कोळसा क्षेत्रांसाठी १९५७ सालचा वेगळा कायदा. त्यात शेतकऱ्याची संमती विचारायची गरज नाही. एका सातबाऱ्याला एक नोकरी, मग तिच्यासाठी सख्ख्या भावांत कोर्टकचेरी. तीस वर्षांनी २००९ साली केंद्रीय प्रदूषण मंडळाने देशातल्या औद्योगिक क्षेत्रांचा हिशेब मांडला, तर चंद्रपूर चौथ्या नंबरवर, गुण ८३.८८. शाळेत एवढे गुण मिळाले असते तर पेढे वाटले असते. कॉलनीत साहेब राहायला आले, वस्तीत ठेकेदाराचे मजूर आले, आणि ज्याच्या वावरावर हे सगळे उभे राहिले, तो गेटवर ओळखपत्र दाखवून आत जायला लागला. गाव न सोडता परदेशी झालेला माणूस पाहायचा असेल, तर खाणीच्या काठच्या कोणत्याही गावात जा.

म्हणून गडचिरोलीच्या भावांना सांगणे आहे. जमीन एकदा विकून मोकळे होण्यापेक्षा भाड्याने किंवा भागीने देता येते का, ते आधी विचारा. ग्रामसभेचा ठराव कोऱ्या कागदावरच्या अंगठ्याने होऊ देऊ नका. शहर दारात आले, तर ते पाहुणा म्हणून येऊ द्या. घरमालक म्हणून नको.

बैठकीत काय ठरवायचे

नुसते रडगाणे गाऊन उठायची आपली रीत नाही. तालुक्यातालुक्याच्या बैठकीत चार गोष्टी ठरवा.

पहिली. गावातून कोण, कुठे, कोणत्या मुकादमाबरोबर कामाला गेले, याची वही ग्रामसभेत ठेवा. नाव, ठिकाण, ठरलेली मजुरी, मुकादमाचा पत्ता. सरकारने आकडे ठेवले नाहीत म्हणून आपण ठेवू नयेत, असा नियम नाही. पुन्हा कधी चार तासांची वेळ आली, तर निदान गावाला ठाऊक असेल की आपली किती माणसे रस्त्यावर आहेत.

दुसरी. रेशनकार्ड आता देशात कुठेही चालते, २०२२ पासून सगळी राज्ये त्या योजनेत आली आहेत. जाणाऱ्या प्रत्येकाला हे सांगा, आणि दुकानदाराने नाकारले तर भांडायला शिकवा. हक्क माणसाच्या पाठीमागे चालत गेला पाहिजे, माणसाने हक्कासाठी पाचशे किलोमीटर चालत यायचे नाही.

तिसरी. ज्या गावांना सामूहिक वनहक्काचा पट्टा मिळाला आहे पण तो कपाटात पडून आहे, तो बाहेर काढा. मेंढा-पाचगावला जाऊन पाहून या. ज्यांनी दावा केला नाही, त्यांनी करावा. आणि सातबाऱ्यावर घरधनिणीचे नाव लावायला तलाठ्याकडे जाण्याचा दिवस याच बैठकीत मुक्रर करा.

चौथी. एक एकर पऱ्हाटीचा आणि एक एकर ज्वारीचा खरा खर्च प्रत्येक गावाने लिहून आणावा. आमदार असो, कलेक्टर असो, उपदेश करायला आला की त्याच्या हातात तो कागद द्यावा आणि म्हणावे, साहेब, एवढा भाव आणि दिवसा वीज द्या, मग पोरगा जातो की राहतो ते तोच ठरवील.

कारण ठरवायचे त्यानेच आहे. ज्याला शहरात जायचे, त्याने ताठ मानेने जावे. तिथे त्याला नाव, रेशन, छप्पर आणि ठरल्या दिवशी मजुरी मिळाली पाहिजे. ज्याला परत यायचे, त्याने ताठ मानेने यावे. त्याला ‘टिकला नाही’ म्हणणाऱ्याला तिथेच अडवा. शहर सोडून आलेल्या पोराला शेतीचा हिशेब बाहेरून पाहायची नजर आलेली असते. मालाला किंमत कुठे चढते, मापात कोण मारतो, ठेकेदार कागद कसा फिरवतो, हे त्याने पाहिलेले असते. अशा माणसाला बैठकीत मागे बसवू नका. त्याला पुढे बसवा, त्याच्या हाती वही द्या आणि पहिले नाव त्याचेच लिहायला सांगा.